विद्यापीठाचं मैदान वाढवायचं, तर आधी कोणत्या खेळासाठी? (कोल्हापूर, सांगली, सातारा)

माळावरचा (धागाकर्ता)

शिवाजी विद्यापीठाच्या क्रीडा सुविधा वाढवाव्यात, चार नवे खेळ आणावेत, हा विषय आम्हा शारीरिक शिक्षणवाल्यांच्या गप्पांत कायम निघतो. निघाला की थोड्याच वेळात बांधकामावर येतो. हॉल केवढा, बसायला किती जागा, छप्पर कसलं. मला इथं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची आहे. आपल्या तीन जिल्ह्यांतली पोरं आज कशात पुढं आहेत, आणि त्यासाठी त्यांना घर सोडून कुठं जावं लागतं?

नुसती नावं घेतली तरी छाती भरून येते. कुरुंदवाडसारख्या गावातले तिघं, गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी, २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची कांस्यपदकं घेऊन आले. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ला बर्मिंगहॅममध्ये कोपर दुखावलेलं असताना २४८ किलोवर रौप्य मिळवलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पळाली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ला बर्लिनमध्ये कंपाउंड (चाकं लावलेल्या) धनुष्यावर जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. फलटणकडच्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियोला खेळला. राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं.

पण स्वप्नील नेमबाजी शिकला नाशिकला, क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे शासनाच्या निवासी क्रीडा शाळेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो २०१७च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळला, तो पुण्याच्या प्रबोधिनीत घडला. शाळकरी वयात निदान अशी वाट तरी आहे. प्रबोधिनी आहे, तालीम आहे, गावातला एखादा झपाटलेला मास्तर आहे. बारावीनंतर पोरगं कॉलेजात येतं आणि तिथून नोकरी लागेपर्यंत त्याला कुणी वाली नसतो. रेल्वेत किंवा सैन्यात लागलं तर खेळ टिकतो. नाही लागलं तर सुटतो. अठरा ते तेवीस या वयात गळती सगळ्यात जास्त होते, आणि नेमक्या त्याच वयाची मुलं विद्यापीठाकडं असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की नवा खेळ यादीत घालणं आणि नवा खेळ सुरू करणं यात फरक करावा. पुष्कळ ठिकाणी तिरंदाजीचा किंवा नेमबाजीचा संघ म्हणजे बाहेर स्वतःच्या पैशानं सराव करणारी दोन-तीन मुलं असतात, स्पर्धेच्या तोंडावर त्यांना ट्रॅकसूट देऊन पाठवलं जातं. खेळ सुरू करणं म्हणजे वर्षभराचा प्रशिक्षक, राहायची सोय, मेसमध्ये अंडी-दूध, आणि दुखापत झाली तर बघायला फिजिओ. एवढं धरून मी चार खेळ आधी घेईन: तिरंदाजी, १० मीटर नेमबाजी, वेटलिफ्टिंग आणि मध्यम-लांब पल्ल्याचं धावणं. तुम्ही कोणते घ्याल, आणि का?

लाल माती

सर, सगळं पटलं, पण कुस्ती कुठं गेली यादीतनं? ज्या गावात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, तिथल्या विद्यापीठानं क्रीडा विकासाचा आराखडा करायचा आणि त्यात कुस्ती नाही, हे मनाला लागतं.

मी कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घाम गाळलाय म्हणून सांगतो. मातीत पोरगं तयार होतं, ताकद येते, पकड येते. पण आंतरविद्यापीठ स्पर्धा मॅटवर असते. मातीत पाठ लागेपर्यंत झुंजायची सवय, आणि मॅटवर सहा मिनिटांत गुण मोजायचे. ही दोन वेगळी डोकी आहेत. तालमीत मॅट असतेच असं नाही, असली तर जुनी, कडा उसवलेल्या. बारा बाय बारा मीटरच्या चांगल्या दोन मॅट, वर बंद छत, आणि मॅटचे नियम जाणणारा वस्ताद विद्यापीठानं दिला तर आजूबाजूच्या तालमींतली पोरं सायकलवर येतील. वसतिगृहाचीसुद्धा सगळ्यांना गरज पडणार नाही.

पैलवान खाशाबा जाधवांचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला स्वप्नीलपर्यंत, म्हणजे ७२ वर्षं थांबावं लागलं. गोळेश्वर गावच्या या पोराला कॉलेजातल्या एका माणसानं हात दिला म्हणून ते पहिलं पदक आलं.

माळावरचा

लाल माती दादा, कुस्ती मी गाळली याचं कारण तालमी आजही जिवंत आहेत, निदान पायाभरणी तरी होते. पण मॅटचा मुद्दा मान्य. कुस्ती पाचवी. आणि तुम्ही म्हणता तसं, तिला मोठं बांधकाम लागत नाही.

कृष्णाकाठची

मी कॉलेजात खो-खो खेळले, आता शाळेत शिकवते. वरच्या चर्चेत मुलींच्या अडचणींवर एक वाक्य आलेलं नाही, म्हणून लिहिते.

मुलगी खेळ सोडते तेव्हा कारण विचारलं तर 'अभ्यास' असं सांगते. जवळ बसून विचारलं की खरं कळतं. मैदानाजवळ कपडे बदलायला खोली नाही. स्वच्छतागृह आहे, पण कुलूप आहे आणि किल्ली शिपायाकडे आहे. पाळीच्या दिवसांत चार तास मैदानावर काढायचे कसे? सराव सहाला संपतो आणि गावाकडची शेवटची एसटी साडेपाचची. डिसेंबरात सहाला अंधार, मैदानाच्या रस्त्यावर दिवा नाही. मग घरचे म्हणतात, बास झालं.

आमच्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी पहिल्या वर्षानंतर आली नाही, ती या एसटीपायी. आम्ही कॉलेजकडे सरावाची वेळ सकाळची करा म्हणून अर्ज दिला, त्यावर काही झालं नाही.

कुठलाही नवा खेळ आणा, पण पहिला खर्च बंद होणारं दार, पाणी, दिवे आणि मुलींच्या वसतिगृहातल्या खेळाडूंसाठी राखीव खोल्या यावर व्हावा. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर. खर्च म्हणाल तर दोन खांब, चुना आणि रोज पाणी मारायला माणूस. जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. खेळ आपला, मुली तयार, जागा स्वस्त.

उतार एक टक्का

स्थापत्य अभियंता आहे, मैदानांची कामं केली आहेत. धावण्याचा विषय निघाला म्हणून थोडं तांत्रिक सांगतो, कारण सिंथेटिक ट्रॅक म्हटलं की लोक फक्त वरचा रंग बघतात.

४०० मीटरचा आठ लेनचा ट्रॅक, लेन १.२२ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर. हे सगळं ठरलेलं आहे, त्यात कुणाला डोकं लढवायचं कारण नाही. डोकं लढवायचं खाली. आपल्याकडं चार महिने पाऊस. ट्रॅकला आतल्या बाजूला जास्तीत जास्त एक टक्का उतार चालतो आणि धावण्याच्या दिशेनं हजारी एक. एवढ्या किरकोळ उतारावर कोसळणारं पाणी वाहून न्यायचं असेल तर आतल्या कडेचं गटार, त्याखालचा खडीचा थर आणि बाहेरच्या डोंगरउताराचं पाणी आधीच अडवणारी चर, हे तिन्ही जमलं पाहिजे. काळ्या मातीवर काम असेल तर ती पूर्ण उचलावी लागते, नाहीतर उन्हाळ्यात भेगा आणि पावसात फुगवटा ठरलेला. फुगवटा आला की वरचं महागडं रबर उकलायला सुरुवात होते.

लांबीची दिशा उत्तर-दक्षिण धरायची, म्हणजे संध्याकाळी भालाफेकीच्या आणि फुटबॉलच्या पोरांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. बसायची व्यवस्था पश्चिमेला.

आणि माळावरचा सर, ललिता बाबरचं नाव घेतलंत म्हणून मुद्दाम: स्टीपलचेसचा पाण्याचा खड्डा ट्रॅक बांधतानाच धरावा लागतो. ३.६६ मीटर लांबीचा असतो. नंतर सुचला तर वळण फोडावं लागतं. आपल्या भागातून या शर्यतीला मुलं-मुली निघतात हे माहीत असताना तो वगळणं म्हणजे पुढच्या पिढीला दार बंद करणं आहे.

शेवटचं. पृष्ठभाग साधारण आठ-दहा वर्षं टिकतो, मग वरचा थर नव्यानं घालावा लागतो. तो खर्चही कोटींत जातो. उद्घाटनाच्या दिवसापासून दरवर्षी त्यासाठी पैसे वेगळे ठेवले नाहीत तर दहाव्या वर्षी फाटका ट्रॅक हातात राहतो. मी हे एका ठिकाणी घडताना पाहिलंय, पोरं ठिगळांवरून पळत होती.

सकाळचा फेरा

मी निवृत्त आहे. आमच्यासारखी पुष्कळ माणसं मोकळ्या हवेत चालायला मैदानावर येतात. ट्रॅक झाला की पहिला फलक लागतो, 'बाहेरील व्यक्तींस प्रवेश नाही'. सरकारी पैशातून झालेली जागा गावाला बंद का? विद्यापीठ लोकांचं आहे. लोकांचं येणं-जाणं असलं की मैदानावर नजरही राहते, दारूच्या बाटल्या पडत नाहीत.

उतार एक टक्का

काका, तुमचं म्हणणं योग्य आहे, पण ट्रॅकच्या पहिल्या दोन लेन सगळ्यात जास्त झिजतात, आणि वेळ घेण्याचा सराव त्याच लेनमध्ये होतो. चालणारी माणसं सवयीनं आतल्या बाजूनं चालतात. साडेसहाला चारशे मीटरचा पोरगा पूर्ण जोरात वळणावर येतो आणि समोर तिघं गप्पा मारत जाताहेत. धडक बसली तर दोघांचंही हाड मोडेल. ट्रॅकच्या बाहेरून मातीची पायवाट करावी, सावलीला झाडं लावावीत. ट्रॅकच्या खर्चापुढं हा खर्च काहीच नाही. गुडघ्यांनाही मातीच बरी.

सकाळचा फेरा

पायवाट आराखड्यात लिहून आली तर माझी तक्रार नाही. 'नंतर करू' म्हटलं की ती होत नाही, हे आयुष्यभर पाहिलंय. आणि लग्नाचे मांडव, सभा, हेलिपॅड यासाठी मैदान देणं आधी बंद करा. चालणाऱ्यांपेक्षा मांडवाच्या खुंट्यांनी मैदानाचं जास्त वाटोळं होतं.

पुणेकर शटल

एक वेगळा विचार. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८साठी पाच खेळ मंजूर झाले: टी-२० क्रिकेट, स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रॉस आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल. नव्या खेळात स्पर्धा कमी असते, लवकर उतरणाऱ्याला संधी जास्त. सॉफ्टबॉल तर महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आधीपासून आहे. स्क्वॉशचं कोर्ट पावणेदहा बाय साडेसहा मीटरच्या आत बसतं. विद्यापीठानं चार स्क्वॉश कोर्ट बांधली तर दहा वर्षांत चित्र बदलेल.

माळावरचा

सॉफ्टबॉलला माझा पाठिंबा आहे. स्क्वॉशबद्दल मात्र मी ठाम विरोधात आहे.

स्क्वॉश चांगला खेळ आहे, पण तो लहानपणी रॅकेट हातात आलेल्यांचा खेळ आहे. आमच्याकडं अठराव्या वर्षी येणारी मुलगी खटावहून किंवा शाहूवाडीहून येते. तिनं कोर्ट पाहिलेलंही नसतं. चार वर्षांत ती कुठवर जाणार? तीच मुलगी आठवीपासून धनुष्य धरत असेल, तर तिला पुढच्या पायरीसाठी पन्नास आणि सत्तर मीटरचं सुरक्षित मैदान हवंय. कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही लॉस एंजेलिसला येते आहे, म्हणजे अदितीच्या प्रकाराला पहिल्यांदा ऑलिंपिकचं दार उघडतंय. तुम्ही म्हणता ती संधी आपल्याजवळ साताऱ्यात आधीच आहे.

शिवाय ऑलिंपिकमध्ये एखादा खेळ येतो आणि जातोही. इमारत मात्र तिथंच राहते.

पुणेकर शटल

तिरंदाजीचा मुद्दा कळला. तरी एक विचारतो: फक्त आधीपासून असलेल्यालाच पाणी घालत राहिलो तर नवं कधी उगवणार? कुरुंदवाडला वेटलिफ्टिंगही कुणीतरी पहिल्यांदा आणलंच असेल ना?

माळावरचा

आणलं, आणि ते एखाद्या माणसानं आणलं. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच की नवा खेळ माणसाबरोबर यावा. उद्या स्क्वॉशचा एखादा चांगला प्रशिक्षक कोल्हापुरात राहायला आला आणि शाळांपासून सुरुवात करायला तयार असेल, तर मी माझं मत बदलेन. कोर्ट आधी बांधून माणूस शोधणं मला मान्य नाही.

सांगलीवाडी घाट

आमच्या कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात हे इथल्या किती जणांना माहीत आहे? काठावर ही गर्दी असते. वल्ही मारणारी पोरं शेतकऱ्यांची, खांदे बघण्यासारखे. शर्यत संपली की वर्षभर त्या खांद्यांना काम नाही.

कायाकिंग-कनोइंग, म्हणजे हलक्या अरुंद होड्या वल्हवायच्या शर्यती, भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धांत आहे. रोइंगला दोन हजार मीटर सरळ पाणी लागतं, ते अवघड. पण कनो स्प्रिंटची अंतरं २००, ५०० आणि हजार मीटरची. ५०० मीटर सरळ पात्र कृष्णेला सांगलीजवळ मिळेल. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, विहिरी खणणारा पोरगा, सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतो आणि रिओ ऑलिंपिकला जातो. आमच्या पोरांना तर वल्हं जन्मापासून माहीत आहे.

पूर येतो, हे मीच सांगतो. २०१९ आणि २०२१ आम्ही भोगलंय. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही, ते महिने जिममध्ये आणि धावण्यात घालवायचे. होड्या ठेवायची शेड पूररेषेच्या वर बांधायची. आणि हे सगळं कोल्हापूरच्या आवारात कशाला हवं? सांगलीच्या एखाद्या कॉलेजला जोडून केंद्र करा.

लाल माती

ही शेवटची ओळ सोन्यासारखी आहे. सगळं सागरमाळावरच, विद्यापीठाच्या आवारातच कशाला? वेटलिफ्टिंग कुरुंदवाडला, तिरंदाजी साताऱ्याला, कुस्ती-नेमबाजी-फुटबॉल कोल्हापूरला, होड्या आणि खो-खो सांगलीला. विद्यापीठानं प्रशिक्षकाचा पगार आणि साहित्य द्यावं, जागा कॉलेजची. पोरगं घरचं जेवून सरावाला येईल.

कृष्णाकाठची

केंद्रं वाटली तर मुलींच्या एसटीचा प्रश्न निम्मा सुटतो. पण जागा कॉलेजची असली की प्राचार्य बदलल्यावर केंद्र बंद पडायची भीती असते. विद्यापीठ आणि कॉलेज यांच्यात निदान दहा वर्षांचा लेखी करार हवा, आणि दुसऱ्या कॉलेजच्या मुलींना तिथं अडवणार नाही हे त्यात स्पष्ट असावं. आपल्याकडं 'आमचा खेळाडू, तुमचा खेळाडू' यात फार मुलं भरडली जातात.

माळावरचा

कराराची सूचना फार मोलाची आहे, ताई. केंद्रं वाटायचा विचार माझ्याही मनात होता, पण इतका नेमका नव्हता. आवारात मात्र दोन गोष्टी राहाव्यात असं वाटतं: ट्रॅक आणि नेमबाजीची रेंज. १० मीटरची रेंज जुन्या लांब हॉलमध्येही बसते, एकेका नेमबाजाला मीटरभर रुंदी पुरते. खर्च रायफलींचा. चांगली परदेशी रायफल लाखांत जाते, घरच्यांना ती झेपत नाही. विद्यापीठाच्या पाच-सहा रायफली असल्या तर पाळीपाळीनं कितीतरी मुलं शिकतील. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावात नेमबाजीला मुली कमी पडणार नाहीत.

विद्यापीठांतल्या खेळांतल्या सर्वोत्तम कामगिरीसाठी दिला जाणारा माका (मौलाना अबुल कलाम आझाद) करंडक बहुतेक वेळा पंजाब-चंडीगडच्या विद्यापीठांकडे राहिलाय. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतही २०२०ला आणि २०२३ला पंजाब विद्यापीठ पहिलं आलं, २०२४ला चंडीगड विद्यापीठ. प्रशिक्षक, वसतिगृह आणि खुराक यांवर तिथं वर्षानुवर्षं खर्च होत आलाय. हे फळ दिसतं ते त्यातून.

होस्टेल रूम

मी सध्या शिकतोय, १५०० मीटर पळतो. वाचत होतो, आता लिहितो.

इथं ज्यावर कुणी बोललं नाही ते म्हणजे वेळापत्रक. आंतरविद्यापीठ स्पर्धा हिवाळ्यात, त्याच सुमारास सेमिस्टरची परीक्षा. पेपर बुडला तर पुन्हा परीक्षा घेतात म्हणतात, पण त्यासाठी किती टेबलांवर कागद फिरवावा लागतो ते खेळाडूलाच माहीत. माझ्या एका मित्रानं त्या कंटाळ्यानं स्पर्धाच सोडली. प्रात्यक्षिकाची हजेरी तर भरूनच निघत नाही.

दुसरं, नाश्ता. सकाळी साडेपाचला सराव, साडेसातला संपतो, मेसमध्ये नाश्ता नऊला, आणि लेक्चर आठला. म्हणजे पळून आलेलं पोरगं उपाशी बसतं. खेळाडूंसाठी पावणेआठला उसळ, अंडी, केळी, दूध एवढं मिळालं तरी आमची वेळ सुधारेल, हे मी छातीठोक सांगतो.

माळावरचा

बाळा, नाश्त्याचं उद्याच करता येण्यासारखं आहे. त्याला ना निविदा लागते ना आराखडा. तुझ्या वसतिगृहातले खेळाडू किती, सराव कुठल्या वेळी, आणि मेसचा ठेकेदार काय म्हणतो, एवढं लिहून मला निरोपात पाठव. अधिसभेवरच्या आमच्या एका सहकाऱ्याशी बोललोय, ते क्रीडा मंडळाच्या बैठकीत मांडायला तयार आहेत. परीक्षेच्या अर्जाचंही त्याच कागदावर घालू. एका खिडकीवर, एका सहीत व्हावं असं.

होस्टेल रूम

आज रात्री यादी करतो सर. मुलींच्या वसतिगृहातूनही नावं मागवतो. पावसाळ्यात सराव हॉलमध्ये असतो, तेव्हाची वेळ वेगळी आहे, तीही लिहू का?

माळावरचा

हो, दोन्ही वेळा लिही.